डावीकडचं नाव

१६ नोव्हेंबर १९९६, लाभपाचम

दिवाळीनंतर आज प्रेसचं शटर उघडलं आणि ठाकोरभाईंनी मुहूर्तावर नवा कॉम्प्युटर मांडला. समोर कुंकवाचा साथिया, म्हणजे स्वस्तिक, काढला, नारळ फोडला, पेढे वाटले. ज्या जुन्या कॉम्प्युटरवर मी इतकी वर्षं मराठी कंपोझ केलं, तो दोघांनी उचलून मागच्या खोलीत कागदाच्या गठ्ठ्यांवर नेऊन ठेवला. त्याला कोणी कुंकू लावलं नाही. मी लावलं असतं, पण लोक हसले असते.

नव्या मशीनमध्ये विंडोज ९५ आहे. शिकवायला आलेला इंजिनियर थोडा वेळ गुजरातीत बोलला, चहा प्याला आणि निघाला. जाता जाता म्हणाला, काका, एकदम सहेलुं छे, नानां छोकरां पण करे. लहान पोरांना जमतं ते पन्नाशीच्या माणसालाही जमतं, हे त्याला कोणी शिकवलं कोण जाणे.

ठाकोरभाई म्हणाले, शिशाचे खिळे जुळवत होतात तेव्हाही तुम्ही कॉम्प्युटर नको म्हणत होतात, मग शिकलात की नाही? ते खरं आहे. सुरतेत उधन्यापासून पांडेसऱ्यापर्यंत खानदेशी माणसाच्या घरी लग्न असो की मरण, पत्रिका आमच्या प्रेसमधून जाते आणि ती मी जुळवतो. खिळ्यांच्या दिवसांपासून आजवर माझ्या हातून कोणाच्या नावात चूक गेलेली नाही. लोक म्हणतात, भटू महाजनने प्रूफ वाचलं की पुन्हा बघायचं काम नाही. आयुष्यात कमावलं म्हणावं असं एवढंच आहे.

ठाकोरभाईंनी जाता जाता आणखी एक सांगितलं. होळीपर्यंत हात बसला नाही, तर वराछ्याचा एक मुलगा यायला तयार आहे. हसून सांगितलं, पण सांगितलं.

२० नोव्हेंबर

डोकं उठलंय. जुन्या मशीनवर काळा पडदा, हिरवी अक्षरं. कर्सर लुकलुकायचा तिथे मी असायचो. इथे सगळा पांढराफेक उजेड आणि त्यात एक एवढासा बाण. तो माऊसने फिरवायचा. फिरवला की तो कुठे तरी नाहीसा होतो. आज तर मी माऊस टेबलाच्या कडेपर्यंत नेला, बाण मिळाला नाही. ठाकोरभाई मागून म्हणाले, आ रह्यो, भटूभाई. तेव्हा तो आपला पडद्याच्या कोपऱ्यात बसलेला.

स्टार्ट नावाचं एक बटण आहे. सगळी कामं म्हणे तिथूनच सुरू होतात. मग ते डोळ्यांसमोर नको का? ते ठेवलंय खाली, पार डाव्या कोपऱ्यात, देव्हाऱ्यामागे झाडू ठेवावा तसं. ज्याने हे बनवलं त्याने एकदा तरी पत्रिका कंपोझ केली असेल असं वाटत नाही.

जुन्या फायलीही नव्यात उघडत नाहीत. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ची जागा उलट्यासुलट्या चिन्हांनी घेतली आहे. म्हणजे सगळे मायने पुन्हा टाइप करायचे.

२६ नोव्हेंबर

ठाकोरभाईंनी परस्पर ठरवून टाकलं. माझी योगिता कॉलेज सांभाळून कॉम्प्युटरचा कोर्स करते, तिने दुपारी प्रेसमध्ये यावं आणि बापाला शिकवावं. जिला मी पाटीवर ग म भ न गिरवायला शिकवलं ती आज बाजूला बसून म्हणत होती, पप्पा, डबल क्लिक जल्दी करो, एवढं हळू नाही. मराठीचं एक वाक्य धड सरळ नाही, पण हात असा चालतो की बघत राहावं. अभिमान वाटला. रागही आला. दोन्ही एकाच वेळी कसं येतं ते कळत नाही.

बाण हरवला की तिचं एकच, ‘पप्पा, त्यां छे, डाबी बाजू.’ डावीकडे, डावीकडे. मी म्हटलं, मी काय बैल आहे का घाण्याचा?

४ डिसेंबर

आज घरी विनाकारण वाजलं. हल्ली प्रमिला ताटात ठेचा वाढायला विसरते. मीठही नाही. कळण्याची भाकरी ठेच्याशिवाय खायची म्हणजे शिक्षाच. तिला म्हटलं तर आपल्या अहिराणीत म्हणाली, ‘ताटमाच शे, दखा.’ पाहिलं तर होता. मी बोलल्यावर तिने गुपचूप सरकवला असणार. बायकांना चूक कबूल करायची नसते.

संध्याकाळी चहाचा कपही माझ्या हाताने लवंडला. कोणी तरी तो पार कडेला ठेवला होता. योगिताने फडका आणला, पुसलं. मग माझ्या बाजूला बसून हात हलवत राहिली आणि विचारलं, पप्पा, माझा हात दिसतो? मी म्हटलं, हा पोरखेळ बंद कर आणि अभ्यास कर.

१७ डिसेंबर

मशीन चालू केलं तर सगळं विस्कटलेलं. पडद्याच्या डावीकडे उभी चित्रांची रांग असते ती कोणी तरी उचलून मधोमध आणून ठेवलेली. स्टार्टची पट्टी उभी करून उजव्या कडेला लावलेली. बाणाला शेपूट जोडलेलं, सरकला की मागे बाणांची माळ दिसते. विचारलं तर योगिता म्हणाली, मी केलं, तुम्हाला सोपं जाईल.

मी चिडलो. दुसऱ्याच्या मशीनची मांडणी अशी बदलायची नसते. खिळ्यांच्या केसमध्ये ‘क’चं घर ‘क’चंच राहतं, ते हलवलं तर जुळाऱ्याचा हात चुकतो. तिने ऐकून घेतलं, पण परत लावलं नाही. खरं सांगायचं तर दुपारपासून काम बरं होतंय. माझा हात बसू लागलाय असं दिसतं.

१४ जानेवारी १९९७, उत्तरायण

प्रेस बंद. गच्चीवर सगळी चाळ. योगिता ‘पप्पा, काप्यो, काप्यो’ म्हणत होती आणि मला कापलेला पतंग कुठेच दिसेना. आभाळ मोठं आणि पतंग लहान, दुसरं काय. उंधियूच्या पातेल्याला पाय लागून ते सांडणार होतं, शेजारच्या कुसुमवहिनींनी धरलं. त्या म्हणाल्या, भाऊजी, लक्ष कुठे आहे? होळी आता किती लांब आहे, तिकडे आहे, म्हणावंसं वाटलं.

प्रमिला आज पुन्हा म्हणाली, ‘डोया दखाडी या ना एकदाव.’ तिला कोणी भरवलंय ते मला माहीत आहे. मी तिला पत्रिकेवरची सगळ्यात बारीक ओळ, प्रेसच्या नावाची, हात लांब करून वाचून दाखवली. काना-मात्रेसकट. डोळ्यांना काय धाड भरली आहे?

५ फेब्रुवारी

पांडेसऱ्याच्या सखुबाई गेल्या. अमळनेरकडच्या, आमच्या शेजारगावच्या. नवऱ्यामागे तीन पोरांना घेऊन सुरतेला आल्या, साड्यांना फॉल लावून पोरं वाढवली. थोरला पोपट प्रोसेस हाउसमध्ये जिगरवर, कापड रंगवायच्या मशीनवर, आहे, मधला गोपाल आणि धाकटा कुंदन लूम्सवर. शेवटची दोन वर्षं म्हातारी अंथरुणावर होती, पोपटच्याच घरी. त्याची बायको शोभाबाई सगळं करायची, हे त्यांच्या सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. धाकटे दोघे वेगळे राहतात, म्हातारीच्या खोलीवरून आधी थोडं बिनसलंही होतं. मरणात ते सगळं विसरायचं असतं.

७ फेब्रुवारी

गोपाल आणि कुंदन गंधमुक्तीच्या, म्हणजे सुतक फिटून कपाळाला गंध लावायच्या विधीच्या, पत्रिकेचा मजकूर घेऊन आले. पोपट क्रियेला बसलेला, तो घराबाहेर पडत नाही. मजकूर नेहमीचाच, फोटो, तिथी, खाली ‘शोकाकुल’ आणि त्याखाली मुलांची नावं एका ओळीत, थोरला आधी, म्हणजे डावीकडे. गंधमुक्तीची पत्रिका म्हणजे साधा कागद नव्हे. त्यावर ज्याचं नाव तो घरचा, ज्याचं नाही तो घरातून उठवलेला. गावोगावचे लोक ती खालपासून वाचतात, वरचं नंतर.

दुपारी योगिताला परीक्षेचा फॉर्म भरायला कॉलेजात जायचं होतं, ती मजकूर टाइप करून गेली. मांडणी मी केली. फोटो चढवला, ओळी मधोमध घेतल्या, प्रूफ काढलं, वाचलं. दोघा भावांनी पाहिलं, ‘बराबर शे आप्पा’ म्हणून सही केली. कुंदन आईच्या फोटोवर बोट फिरवत बसला होता. दुःखात कोण वाचतं?

पहिल्यांदा वाटलं की होळीच्या आत मशीन माझं झालं.

१५ फेब्रुवारी

लिहू की नको असं दिवसभर चाललंय. लिहितो.

सकाळी गोपाल आणि कुंदन पत्रिका घेऊन प्रेसमध्ये उभे राहिले. काल गंधमुक्ती झाली. गावाकडून आलेल्या एका मामाने मांडवातच पत्रिका काढून विचारलं, पोपटचं नाव कसं नाही? पत्रिका हातोहात फिरली. खरंच नव्हतं. गोपाल, कुंदन, नातवंडं, जावई, सगळे होते. थोरला मुलगा, ज्याने अग्नी दिला, तोच नव्हता. पोपटने एकदा भावांकडे पाहिलं आणि कपाळाला गंध न लावता उठून गेला. सुतक सोडायला सासरकडून आलेली टोपी तशीच ताटात राहिली. सुतक त्याच्या अंगावर आहे. त्याला वाटतंय, भावांनी ठरवून काढलं.

मी पत्रिका हातात घेतली. ओळ इतकी नीट मधोमध होती की काही गेलंय असं वाटूच नये. खिळा गळला तर भोक पडायचं, जुन्या मशीनवरही जागा रिकामी दिसायची. हे मशीन बाकीची नावं आपोआप सरकवून भोक बुजवून टाकतं.

ठाकोरभाईंनी विचारलं, कोणाच्या हातून? सगळे माझ्याकडे पाहत होते. योगिता टेबलाच्या पलीकडे बसली होती. मी म्हणालो, ‘पोरीने टाइप केलंय. माऊस फिरवताना उडालं असेल.’

थोड्या वेळाने ती पर्स उचलून घरी गेली.

मी विचार करून बोललो. ती पोर आहे, तिचं कोणी मनावर घेणार नाही. माझ्या हातून झालं म्हटलं तर वराछ्याचा मुलगा सोमवारीच येऊन बसेल. आणि माझ्या हातून झालेलं नाहीच. मी प्रूफ वाचलं होतं.

१६ फेब्रुवारी

योगिताने जेवताना एवढंच सांगितलं की तिच्या फायलीत नाव होतं, फ्लॉपीवर आहे, दाखवू का? माऊसने एखादा शब्द धरला की तो काळा होतो, पप्पा, मग चुकून स्पेस जरी दाबली तरी जातो. काळा झालेला तुम्हाला दिसला नसेल. मी म्हटलं, मला शिकवू नकोस. ती ताटावरून उठली.

प्रमिला म्हणाली, वड्याचं तेल वांग्यावर काढलंत.

२१ फेब्रुवारी

वड्याचं तेल जास्तच उडालंय. बाजारात शोभाबाईने योगिताला पाहून तोंड फिरवलं. गल्लीत बोलतात, महाजनांच्या पोरीने पोपटचं नाव कापलं, भावांनी तिला सांगितलं असेल. ठाकोरभाईंनी सांगितलंय, तिने आता मशीनला हात लावायचा नाही. ती येतही नाही. घरात असते, पण माझ्या समोरून जाताना मोरीकडे बघत जाते.

तिच्यावाचून आज सगळं अडलं. कोणी तरी पट्टी पुन्हा खाली, डाव्या कोपऱ्यात नेऊन ठेवली आहे, बहुतेक इंजिनियरने. बाणाचं शेपूटही गेलं. दोन महिने बरं चाललेलं मशीन पुन्हा फिरलं.

२७ फेब्रुवारी

बारशाची पत्रिका होती. प्रूफ वाचून ठाकोरभाईंकडे दिलं. त्यांना मराठी धड वाचता येत नाही, अक्षरं मोजत ते मूळ कागदाशी ताडून पाहतात. त्यांनी मला हाक मारली आणि कागदाच्या डाव्या कडेला बोट ठेवलं. ‘भटूभाई, आ जुओ.’

मूळ कागदावर तिथे आत्याचं नाव होतं. मला ते दिसत नव्हतं. मी मान वळवली आणि नाव आलं. मान सरळ केली, गेलं. पुन्हा वळवली. ठाकोरभाई माझ्याकडे पाहत होते. मी म्हटलं, चष्म्याचा नंबर बदललाय वाटतं.

नंबरच असणार.

३ मार्च

उधना दरवाज्याजवळ रस्ता ओलांडताना एक लुना डावीकडून येऊन आदळली. ती कुठून आली कळलंच नाही. चालवणारी बाई म्हणत होती, काका, हॉर्न वाजवत होते, तुम्ही पाहत होतात. गुडघा फुटला. घरी आलो तर योगिताने न बोलता हळद लावली. तिच्या आईने सांगितलं, उद्या तुम्ही आला नाहीत तरी मी दवाखान्यात जाऊन बसते, डोळे माझे तपासतील. हसू आलं, मग आलं नाही.

७ मार्च

ट्रस्टच्या डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो, तिघंही. अक्षरांचा तक्ता मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. प्रमिलाकडे पाहिलं, म्हटलं, बघ. पण डॉक्टरांनी डोळ्यांत उजेड टाकून बराच वेळ पाहिलं आणि आणखी एक तपासणी लिहिली.

एका अंधाऱ्या खोलीत पांढरं मोठं घमेलं आडवं लावावं तसं मशीन होतं. हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा, मधल्या ठिपक्याकडे पाहायचं. कडेला कुठेही उजेडाचा बारीक ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. कॉम्प्युटरच तो, पलीकडे सिस्टर बसलेली.

आधी ठिपके आले, मी दाबत गेलो. मग थांबले. मी वाट पाहत राहिलो. एखादा आला, पुन्हा बंद. मी म्हटलं, सिस्टर, तुमचंही मशीन अडकलंय. त्या म्हणाल्या, ‘मशीन तो चालु ज छे, काका. तमे जोया करो.’

मी पाहत राहिलो. पांढरं घमेलं आणि काही नाही. मग नीट ऐकलं तर ते मशीन दर थोड्या वेळाने आत टक् करत होतं. प्रत्येक टक् म्हणजे एक ठिपका होता. टक्, टक्, टक्, आणि माझा अंगठा बटणावर तसाच.

डॉक्टरांनी कागद पुढे ठेवला. इथे याला झामर म्हणतात, आपल्याकडे काचबिंदू. डावा डोळा जवळजवळ गेला, उजव्याचीही नाकाकडची बाजू गेली. म्हणून डावीकडचं सगळं नाही. समोरचं बारीक अक्षर शेवटपर्यंत दिसतं, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. गेलेलं परत येत नाही, आहे ते थेंबांनी टिकवायचं. केव्हापासून त्रास आहे विचारलं तेव्हा मी म्हणालो, नोव्हेंबरपासून, नवीन विंडोज आल्यापासून. ते म्हणाले, नाही हो, वर्षानुवर्षांचं आहे हे.

मला रडू आलं. मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता.

९ मार्च

प्रमिलाने आज ठेचा ताटाच्या उजव्या बाजूला वाढला. उजवीकडे ठेचा कोणी वाढत नाही.

योगिताला विचारलं, तुला केव्हा कळलं? म्हणाली, ताटावरून. तुम्ही ठेचा नाही म्हणून मम्मीला बोलत होता आणि तो तिथेच होता. मग प्रेसमध्ये बाण डावीकडे गेला की हरवायचा, उजवीकडे कधी नाही. म्हणून मी सगळं मध्ये आणलं. तुम्ही ऐकत नव्हता, तर मशीनला तरी सांगितलं. शब्द मराठी, गुजराती मिसळून आलेले, पण मला सगळे कळले.

मी म्हटलं, पोपटच्या पत्रिकेचं मी ठाकोरभाईंना सांगतो.

१२ मार्च

सांगितलं. ठाकोरभाईंनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, भटूभाई, तुम्ही मला वर्षानुवर्षं सांभाळलंत, कोणी वाचेल ते प्रूफ ऐकून चुका सांगा, तेवढं काम तुमचं राहील. खुर्चीवर मात्र कोणी तरी बसवावं लागेल. मी म्हटलं, वराछ्याचा मुलगा नको, योगिताला बसवा.

संध्याकाळी तिला सांगितलं. मला वाटलं होतं, ती खूश होईल. ती म्हणाली, ‘पहिलं पोपटकाकांकडे जाऊन सांगा. माझ्यासमोर. मग बघू.’

१६ मार्च, रविवार

पांडेसऱ्याला जाऊन आलो. योगिता माझ्या डाव्या बाजूने चालत होती. कारखाने बंद, तरी खाडीला रंगाचा वास होता. गोपाल आणि कुंदनला मी बोलावलं होतं, ते आले नाहीत.

पोपट खाटेवर बसलेला. कपाळ कोरडं, दाढी तशीच वाढलेली. शोभाबाईने पाणी दिलं, योगिताकडे न पाहता. मी खाली बसलो आणि एका दमात सांगितलं. की नाव योगिताने टाइप केलं होतं. की मांडणी करताना ते माझ्या हातून पुसलं गेलं, कारण डावीकडचं मला दिसत नाही. की प्रूफही मीच वाचलं. की भावांचा यात हात नाही. की पोरीचं नाव मी खोटं घेतलं, खुर्ची जाईल म्हणून. दवाखान्याचा कागद पुढे केला. पोपटने तो हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि परत दिला.

शोभाबाई उठून योगिताजवळ गेली आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मला वाटलं, झालं, मिटलं. मी म्हटलं, पोपट, आता गंध लाव, भावांना बोलव, सुतक सोड.

पोपट म्हणाला, ‘माय मन्हा घर मरनी, आप्पा. तुमले दिखनं नही, तुमना डोया गयात. मन्हा तुमनावर राग नही. पन ती पत्रिका त्या दोन्हीस्नी दखी, सही करी, गावोगाव वाटी. त्यास्ना डोया ते साबूत शेतस ना?’

मी एक गाठ सोडवायला गेलो होतो आणि आतली दुसरी, जुनी गाठ माझ्या हाताला लागली. ती सोडवणं माझ्या हातात नाही. आम्ही निघालो तेव्हा तो तसाच बसलेला होता.

परतताना योगिताने हात धरला. म्हणाली, पप्पा, सोमवारपासून मी येते, तुम्ही शेजारी बसा. मी हो म्हटलं. मग पांडेसऱ्यापासून घरापर्यंत पोपटचं बोलणं मनातून जाईना. माझे डोळे गेले होते, म्हणून त्याने मला सोडलं. पण त्या दिवशी प्रेसमध्ये मी पोरीचं नाव घेतलं, तेव्हा ती डावीकडे नव्हती. टेबलाच्या पलीकडे, अगदी समोर बसली होती, आणि मला ती स्वच्छ दिसत होती.